सागाचा पट्टा, माझी चिंधी

मी मोह बोलतोय. तसा बोलकाच आहे मी. ज्याच्या दारात पहाटेपासून गिऱ्हाईक येतं, त्याला मुकं राहून चालत नाही. राळेगाव तालुक्यात लालसिंगच्या तांड्याबाहेर पांदण आहे, म्हणजे शेताकडं जायची गाडीवाट. तिच्या डाव्या हाताला मी उभा आहे. या, बसा. सावली फुकट आहे.

आधीच सांगून टाकतो. समोरच्या सागावर मी जळत होतो. लोक म्हणतात झाडाला मन नसतं. त्यांनी माझ्या जागी उभं राहून बघावं.

मला कुणी लावलं नाही. एखाद्या वटवाघळानं फळ खाल्लं, बी टाकली आणि माझं दुकान उघडलं. लालसिंगचे पूर्वज तेव्हा बैलांच्या पाठीवर मीठ, धान्य लादून मुलुखभर फिरायचे. एका उन्हाळ्यात त्यांचे बैल माझ्या सावलीत बसले, ते उठेनात. त्यांचा म्होरक्या म्हणाला, "बैलाले जागा पटली, मंग आपल्याले काय झालं?" झालं, इथंच तांडा वसला. म्हणजे तांड्याहून मी जुना.

साग मात्र लालसिंगनं आपल्या हातानं लावला. पांदणीच्या उजव्या अंगाला, स्वतःच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, मुलगी निकिता झाली त्या पावसाळ्यात. म्हणाला, "पोरीच्या लग्नात पोरीच्याच सागाचा दिवाण देईन." मग काय विचारता! सागाला काट्याचं कुंपण, सागाला उन्हाळ्यात बादलीनं पाणी, गुरानं तोंड लावलं तर गुराला काठी. मला कुणी कधी तांब्याभर पाणी घातलं असेल, तर शपथ.

निकिता चालायला लागली तीही त्याच्याकडंच. सागाचं कोवळं पान तळहातावर चोळलं की हात लाल होतात. ती पोर तासन्‌तास पानं चोळायची आणि मेंदी म्हणून आईला, उज्ज्वलाला, हात दाखवायची. माझी फुलं तोंडात टाकायची, पण हात दाखवायची सागाचे. आता सांगा, माल माझा गोड आणि कौतुक त्याचं. कुणाला सहन होईल?

माझ्या मालाबद्दल दोन शब्द बोलू द्या. होळीच्या सुमाराला माझी पानं झडतात आणि पहाटे पहाटे फुलं टपटप पडायला लागतात. तोडायला नको, झोडपायला नको. वाकायचं आणि टोपलीत भरायचं. वाळवा, भाजा, तिळाबरोबर कुटून लाडू करा. पुढं फळं येतात, बियांचं तेल निघतं, ते दिव्याला चालतं आणि भेगाळलेल्या टाचेलाही. एवढं सगळं देऊन लोक मला ओळखतात कशावरून? दारूवरून! एकदा लालसिंगच्या बैलानं पावसात भिजून आंबलेल्या फुलांचा ढीग खाल्ला आणि तांड्याचे नायक रामसिंग यांच्या अंगणात जाऊन फतकल मारली. नायक काठी घेऊन आले, तर बैल त्यांचा हात चाटायला लागला. सगळा तांडा हसला, आणि नाव कुणाचं खराब झालं? माझं. सागाखाली आजवर कुणी झिंगलं नाही, म्हणून तो इज्जतदार.

मला आपलं म्हणणारी एकच बाई, लालसिंगची आई हंसाबाई. तांड्याची एक रीत आहे. होळीला जी बाई मोहाच्या झाडाला आपल्या कपड्याची चिंधी बांधते, त्या झाडाची फुलं त्या सालची तिची. चिंधी दिसली की दुसरी बाई तिकडं फिरकत नाही आणि चिंधी सुटेपर्यंत फांदीलाही कुणी हात लावत नाही. हंसाबाई आपल्या जुन्या फेटियाची, म्हणजे घागऱ्याची, पट्टी फाडायची, माझ्या बुंध्याला गाठ मारायची आणि खालची जागा झाडून घ्यायची. सकाळी फुलं वेचताना माझ्याशी गोरबोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत, कुरकुरायची. सुनेबद्दल, गुडघ्याबद्दल.

खरं सांगतो, मला त्या चिंधीची लाज वाटायची.

कारण सागाला पट्टा मिळाला होता. निकिताचं लग्न बोरी अरब गावी ठरलं, तसा वणीहून अमर नावाचा फर्निचरवाला आला. त्यानं सागाला चक्क कवेत घेतलं, गाल लावून वर बघितलं आणि म्हणाला, "वा, दादा! दिवाण होईन, अन् वरून कपाटबी होईन." पुढं कागदपत्रं झाली आणि एका माणसानं येऊन सागाच्या छातीवर लाल रंगाचा झळझळीत पट्टा ओढला, वर नंबर घातला. मी दिवसभर बघत राहिलो. त्याला नंबर, मला चिंधी. येणारा-जाणारा थांबून त्याच्याकडं बघायचा. मला वाटलं, सन्मान म्हणतात तो हाच.

माघ महिन्यात एक दिवस दुसराच माणूस रंगाचा डबा घेऊन आला. पांदण रुंद व्हायची होती. त्यानं फीत लावून इकडचं तिकडचं मोजलं आणि तो माझ्याकडं वळला. ब्रश बुडवला. लाल पट्टा! माझ्या अंगावर! सागापेक्षा रुंद, सागापेक्षा ओला. त्या दिवशी मी सागाकडं असं बघितलं, की तुझं दुकान संपलं, बाबा.

संध्याकाळी हंसाबाई सरपण घेऊन परतली. पट्टा बघून तिनं मोळीच टाकली आणि थेट नायकाच्या अंगणात गेली.

"नायक, माह्या झाडावर कोनंतरी निशाणी करून ठेवली! होळी अजून याची हाय, अन् हे आतापासून झाड अडवून राह्यले. हे त्या बबिताचंच काम हाय."

बबिता म्हणजे शेजारच्या लखीरामची बायको. ती हातातला चिमटा घेऊनच धावत आली. "मायबाई! तुह्या मोहाले रंग लावाले मी काय खुळी हाओ? माह्या घराले दोन साल झाले रंग नाई!"

"मंग मांगच्या साली फुलं वेचताना इकडं काहून पाह्यत होती?"

"तोंड हाय समोर, तं समोरच पाहीन ना!"

सगळे हसले. हसत हसतच मिरवणुकीसारखे माझ्यापर्यंत आले. रामसिंग नायकांनी पट्ट्याला बोट लावलं, बोटाला रंग लागला, आणि त्यांचं हसू गेलं.

"हंसाबाई, हा तांड्यातल्या कोनाचा रंग नाई. हा कापाचा रंग हाय. रस्ता या बाजूनं रुंद होऊन राह्यला."

कापायचा? मी सागाकडं बघितलं. इतके दिवस तोच पट्टा छातीवर घेऊन तो गप्प उभा होता. आणि मी त्याचा हेवा करत होतो!

हंसाबाई तडक वळली. घरी गेली, पेटीतला नवा फेटिया काढला आणि कडेची आरसे लावलेली पट्टी टर्रकन फाडली. उज्ज्वला सासूला याडी, म्हणजे आई, म्हणायची. ती ओरडली, "अवं याडी, पोरीच्या लग्नात काय घालसान?"

"घालीन लुगडं," म्हातारी म्हणाली, आणि होळीच्या आधीच त्या लाल पट्ट्यावर गाठ बसली.

सकाळी जेसीबी आला. चालवणारा बबलू दारव्ह्याकडच्या तांड्याचा पोरगा. त्यानं सोंड उचलली, मला न्याहाळलं आणि इंजिन बंद केलं.

"बांधेल झाड हाय," तो म्हणाला. "मी नाई हात लावत."

ठेकेदाराचा मुकादम संजय खवळला. "अबे, चिंधी हाय ते!"

"तुमच्यासाठी चिंधी, साहेब. माही याडीबी बांधते. जिनं बांधली तिले सोडाले सांगा, मंग सांगा मले."

तिला कोण सांगणार? ती माझ्या मुळांवर पाय पसरून बसली होती. लालसिंगनं समजावून पाहिलं. "याडी, एक बाजू तं जाईनच ना."

"तुहा साग दिवाणाले जाऊनच राह्यला. मंग रस्ता त्या बाजूनं काहून नाई?"

"तिकडं माहं वावर हाय. कपाशीची कड जाईन."

"जाऊ दे. तुह्या आज्याचे बैल कोनाच्या सावलीत बसले होते? कपाशीच्या?"

लालसिंग कपाशीच्या कडेला जाऊन धुऱ्यावर उभा राहिला. एवढी वर्षं ज्या धुऱ्यासाठी शेजाऱ्याशी भांडला, तो धुरा. मग मुकादमाकडं न बघताच म्हणाला, "घ्या तिकडून."

दुसऱ्या दिवशी साग पडला. दुपारी मला समोर नुसतं आभाळ दिसलं. मोकळं वाटेल असं वाटलं होतं, वाटलं नाही. वर मनात एकच काटा: मी वाचलो तोही त्याच्या जाण्यानं. म्हणजे हे उपकारही त्याचेच! रस्ता धुरा खात त्याच्या उरलेल्या बुंध्याला घासून गेला, रस्त्याच्या उताराखाली कपाशीची कड गेली. मुरूम अडून राहतो म्हणून बुंधा कुणी उपटला नाही.

निकिताचं लग्न झालं. दिवाण बोरी अरबला गेला. म्हणे सासरची माणसं त्यावरून हात फिरवतात.

आता पुन्हा होळी आली आहे. हंसाबाईचे गुडघे धरले, ती खाटेवरून उठत नाही. मागची चिंधी उन्हानं विटली, आरसे गळाले. नाल्यापलीकडच्या मोहाला बबितानं कधीच नवी चिंधी बांधली. चांगली जरीची. मी इकडून बघतोय. माझा स्वभाव तुम्हाला कळलाच असेल.

काल निकिता माहेरी आली. आजीनं पाठवली होती. कमरेला खोचलेली लाल पट्टी मला लांबूनच दिसली, तिच्या लग्नातल्या ओढणीची. हातात पाण्याची बादली. मी ताठ झालो. पाणीसुद्धा! शेवटी माझाही दिवस आला.

ती आली आणि सागाच्या बुंध्याशी बसली. पावसाळ्यात त्या बुंध्यातून कोंब फुटलाय, पुरुषभर उंच. अख्खी बादली तिनं त्याला घातली. एक पान तोडलं, चोळलं, आणि लाल हात बघून एकटीच हसली.

मग त्याच लाल हातांनी माझ्याकडं आली, जुनी चिंधी सोडली, नवी बांधली. गाठ आजीसारखीच घट्ट. तिच्या बोटांचा रंग माझ्या सालीवर उमटला. सागाचा रंग, माझ्या अंगावर. पुसू तरी कसा?

मंडळी, परवापासून फुलं पडतील. अवश्य या, पोटभर खा. पण येताना एक बादली पाणी आणा. आणि समोर एक कोंब दिसेल, त्याच्याकडं बघूही नका. आधी इकडं ओता.