हात वर करून माप

जगातल्या बायकांच्या कमरा अचानक कुठे गेल्या, याचा तपास पोलिसांनी करायला हवा, असं ग्लाफिरा सावेल्येव्नाचं ठाम मत होतं. कपडे खांद्यापासून सरळसोट, पट्टा नको तिथे उतरलेला, आणि गुडघे मात्र मोकाट सुटलेले! "गुडघा ही काय बघायची वस्तू आहे?" इस्त्री आपटत ती म्हणायची. "दाखवायचाच तर कोंबडीनं दाखवावा. तिचं निदान सूप तरी होतं."

तिचा स्वतःचा काळा घागरा बुटांवर लोळायचा. मोंटे कार्लोच्या नाट्यगृहाखाली, तळघरात, तिचं कापायचं टेबल होतं. क्रांतीत पीटर्सबर्गमधलं घर गेलं, माणसं गेली, उरली ती एक कात्री आणि आता हे टेबल. रशियन बॅले मंडळी तिला ग्लाशामावशी म्हणत आणि तिच्या धाकात असत. मावशीचे नियम दोनच. पहिला, नर्तिकेचं माप हात वर करून घ्यायचं, मग तिला वाकवायचं, उडी मारायला लावायची. दुसरा, अंगावरच्या कपड्याला टाका घालताना, ज्याच्या अंगावर कपडा आहे त्याने दातांत दोरा धरून गप्प उभं राहायचं. नाहीतर कपड्याबरोबर अक्कलही शिवली जाते. दुसऱ्या नियमाला फ्रेंच लोक हसायचे, पण दोरा धरायचे.

अशात एके दिवशी मंडळीचे मालक पोर्फिरी ल्व्होविच साखरेतलं संत्रं चघळत खाली आले.

"नव्या बॅलेचे कपडे पॅरिसहून येणार," ते म्हणाले. "मादाम वेर्लाक करतायत. नौकेवरची मेजवानी, सॅक्सोफोन, सगळं कसं आजचं! हे जमलं की पुढचंही तिकडूनच. तुम्ही आता पेट्या सांभाळा, ग्लाफिरा सावेल्येव्ना. किती दिवस डोळे फोडणार?"

"पेट्या?"

"कपड्यांच्या. कुलपं, याद्या, डांबराच्या गोळ्या."

ते गेल्यावर मावशी टेबलापाशी बसून घळाघळा रडली. मग नाक शिंकरून तिने टेबल पुसलं, कारण त्यावर संत्र्याचा पाक सांडला होता.

मादाम वेर्लाक आल्या त्या चार मदतनीस मुली आणि एक कुत्रं घेऊन. मुख्य भूमिका सोफिया झ्वेझ्दिनाची होती. तिचं खरं नाव मेबल क्लेग, गाव लीड्स. पण त्या दिवसांत नर्तिका रशियन नसली तर लोक वळूनही बघत नसत, म्हणून पोर्फिरींनी तिचं नवं बारसं केलं होतं. चार वर्षं मागच्या रांगेत नाचल्यावर पोरीला ही पहिली मोठी संधी मिळाली होती. मादामनी तिला मेणबत्तीसारखी ताठ उभी केली आणि मोतिया रंगाचा, मण्यांनी मढवलेला झगा तिच्या अंगावर टाचण्यांनी बसवला. बघणाऱ्यांनी तोंडात बोटं घातली, इतका सुरेख!

मावशीने मात्र बाही जोडतात तो काखेचा मुंढा पाहिला. पार खालपर्यंत कापलेला, ऐसपैस. चहाचा कप उचलायला उत्तम. पण दोन्ही हात डोक्यावर नेले की अख्खा झगा हातांबरोबर वर निघणार, हे तिला डोळे मिटूनही दिसलं असतं.

"काही सांगायचंय?" मादामनी विचारलं.

"छे! माझ्याकडे काय, पेट्या," मावशी म्हणाली. मनात तिला नुसत्या आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

शुक्रवारी रंगीत तालीम झाली. सॅक्सोफोन केकाटला, मेबलने हात वर केले, आणि झगा निघाला तो थेट तिच्या नाकापर्यंत! जोडीदाराने उचललं तेव्हा तिला काही दिसेना. तिने चाचपडत पाय झाडला तो त्याच्या नाकावर. वादकसुद्धा वाद्यं खाली ठेवून हसले. मावशीने पडद्यामागे तोंडात पदराएवढा रुमाल कोंबला.

पण पोर्फिरी हसले नाहीत. "मापाच्या वेळी अगदी नीट बसला होता," ते कडाडले. "या मुलीनं खांदे वाढवलेत! रविवारी हिच्या जागी दुसरी."

मेबल खाली आली, मावशीच्या टेबलाखाली शिरली आणि गुडघ्यांत डोकं घालून बसली. "मावशी, मी काहीच खात नाही हो. मग खांदे कशानं वाढले?"

मावशीला स्वतःची लाज वाटली. इतकी, की रुमाल कुठे ठेवावा हे तिला सुचेना.

ती जिने चढून मालकांच्या खोलीत गेली. "चूक मुंढ्याची आहे, पोरीची नाही. मला पहिल्या दिवशीच दिसली होती, मी मुद्दाम गप्प बसले. तिलाच नाचू द्या. झगा मी सुधारते."

पोर्फिरींनी तोंडातलं संत्रं गिळलं. "मादामना न विचारता? ठीक. पण रविवारी तो वर चढला, तर तुम्हाला पेट्यासुद्धा नाहीत."

म्हणजे झगा बसला तर मादामचं नाव होणार आणि टेबल जाणार. नाही बसला तर पेट्याही जाणार. मावशीने हा हिशोब जिन्यातच संपवला आणि कात्री घेतली.

काखेत चौकोनी जोड द्यायचा, की हात वर गेला तरी झगा जागेवर राहतो. पण जोड ताणणारा हवा आणि रंग मोतिया हवा. नर्तिकांचे जुने तंग पायजमे रफू करून करून चाळणी झालेले. शनिवारभर तिने बोचकी उलटीपालटी केली. शेवटी मेबलला म्हणाली, "तोंड भिंतीकडे कर."

"का?"

"कर म्हणते ना!"

मेबलने केलं, पण मान वळवून पाहिलंच. मावशी खुर्चीवर बसून काळा घागरा वर करत होती. आणि घागऱ्याखाली, त्या जुन्या जाड बुटांच्या वर, गुळगुळीत, मोतिया, अगदी ताज्या फॅशनचे रेशमी मोजे!

"मावशी! तुम्ही?"

"एक शब्द बोललीस तर झग्याची काख उघडीच ठेवीन."

रविवारी दुपारच्या खेळाआधी मावशी विंगेत मेबलच्या काखेत शेवटचे टाके घालत होती. मेबलच्या दातांत दोरा. तेवढ्यात मादाम वेर्लाक आल्या. "माझ्या झग्याला हात कुणी लावला?"

"मी. मेबल, हात वर!"

हात वर गेले. झगा हलला नाही. मादामनी वाकून जोड चिमटीत धरला. "हे रेशीम मोज्यांचं आहे. आणि महागातल्या." मग त्यांची नजर मावशीच्या किंचित वर सरकलेल्या घागऱ्याखाली, बुटांच्या वरच्या उघड्या पायावर गेली. हसू येऊ नये म्हणून त्यांना ओठ दाबावे लागले.

त्या दुपारी मेबल अशी नाचली की लीड्सपर्यंत टाळ्या ऐकू गेल्या असाव्यात. लोक मादामचं नाव घेऊन त्यांना रंगमंचावर बोलावू लागले. मावशी विंगेतच एका पेटीवर टेकली. संपलं, तिच्या मनात आलं. मादाम रंगमंचावर गेल्या, ऐटीत हात उंच करून लोकांना अभिवादन केलं, आणि त्यांच्या स्वतःच्या पॅरिसच्या झग्याची शिवण काखेपासून कंबरेपर्यंत टर्रकन उसवली.

हात अंगाशी घट्ट धरून त्या विंगेत धावत आल्या. बाहेर लोक पुन्हा बोलावत होते. "शिवा! पटकन!"

मावशीने शांतपणे सुई ओवली आणि दोऱ्याचा एक तुकडा पुढे केला. "दातांत धरा. बोलायचं नाही. नाहीतर अक्कल शिवली जाते."

मादामनी डोळे वटारले आणि दोरा धरला. पोर्फिरी धापा टाकत आले. "मादाम, चला, लोक थांबलेत!"

"थांबू देत," मावशी टाका ओढत म्हणाली. "मादाम, पुढचे कपडे पॅरिसला कापायचे की माझ्या टेबलावर?"

मादाम दातांतल्या दोऱ्यामागून काहीतरी गुरगुरल्या. मावशीने सुई हवेतच थांबवली. बाहेर टाळ्या विरळ होऊ लागल्या. मग मादामनी पोर्फिरींकडे पाहिलं आणि मावशीच्या दिशेने मान हलवली. एकदा, आणि मग जरा जोरात दुसऱ्यांदा.

मावशीने गाठ मारून दोरा तोडला.

"आता हात वर करा," ती म्हणाली. "बघू, माप नीट आहे का."