बसून पाहिलेले घर

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. पाठ फुगलेला, घरघर करणारा आणि खरे सांगायचे तर जरा गर्विष्ठ. गोंदियात घरांचे नकाशे काढून देणाऱ्या सोनिकाताईंच्या टेबलावर मी २००३ साली आलो. नकाशा म्हणजे कागदावरच्या नुसत्या रेघा. ताई त्या माझ्यात उतरवत, रेघांवर भिंती उभ्या करत, दारे-खिडक्या कापत, आणि मग न बांधलेल्या घरात आम्ही पडद्यावर चक्क फिरून येत असू. एक चित्र तयार करायला मला तास-दीड तास लागे, आणि तेवढ्यात वीज गेली की सारी मेहनत पाण्यात! तरी लोक तोंडात बोटे घालत आणि मी फुगून जाई.

दोन वर्षांनी जवळच्या मुर्री गावचे देवानंदभाऊ आले. त्यांचे वडील मनिरामजी यांना लकवा झाला होता. वाचाही गेली होती. जुन्या एका खोलीच्या घरात ते सतत रुख्माबाईंच्या, म्हणजे देवानंदभाऊंच्या आईच्या, नजरेसमोर असत. नव्या घरात त्यांची खाट पुढच्या छपरीत, म्हणजे ओसरीत, राहणार होती आणि स्वयंपाकखोली आत. म्हणून ताईंनी मधल्या भिंतीत खिडकी ठेवली. दुसऱ्या दिवशी मिस्त्री भिंती उचलणार, म्हणून देवानंदभाऊ आईला घर दाखवायला घेऊन आले.

मी ऐटीत घर फिरवून दाखवले. खिडकीतून छपरी अगदी स्वच्छ दिसत होती. रुख्माबाईंनी पुन्हा एकदा पाहिले आणि त्या म्हणाल्या, "काऊन माय, हे घर तू कोनाच्या डोळ्यानं पाऊन राहिलीस?"

"म्हणजे कसं, मावशी?" ताईंनी विचारले.

"हा तं उभा मानूस पाऊन राहिला. मी दिवसभर खाली बसतो. तांदूळ निवडतो, भाजी चिरतो. हे पडले तं आवाज बी देऊ शकत नाई. मले बसल्या जागेवरून दिसतीन का?"

मित्रांनो, माझ्यात पाहणाऱ्याचा डोळा साडेपाच फुटांवर ठेवलेला असे. ताईंनी तो सव्वादोन फुटांवर आणला. पडद्यावर नुसती गुलाबी भिंत आली. खिडकी पार वर राहिली होती. मला फार लाज वाटली. इतकी घरे दाखवली, पण मी एकाही घरात कधी खाली बसलो नव्हतो.

ताईंनी खिडकी ओढून जमिनीपासून हातभर उंचीवर आणली आणि छपरीत एक खाट ठेवली.

"उशी कोनत्या बाजूले?" रुख्माबाईंनी विचारले. "पाय दिसून काय करू? तोंड दिसाले पायजे."

ताईंनी खाट फिरवली.

"आई, इतकी खाली खिडकी? लोक हासतीन," देवानंदभाऊ म्हणाले.

"हासू दे."

घर तसेच बांधले गेले. पुढल्या वर्षी पोळ्याच्या आठवड्यात मनिरामजी खाटेवर पालथे झाले आणि तोंड उशीत दबले. ओरडणे शक्यच नव्हते. तांदूळ निवडत बसलेल्या रुख्माबाईंनी ते पाहिले आणि हातातले सूप टाकून त्या धावल्या. मनिरामजी वाचले, आणखी सहा वर्षे जगले. ही गोष्ट देवानंदभाऊंनी ताईंच्या दुकानात येऊन सांगितली, तेव्हा ताईंनी माझ्या पाठीवर थाप मारली होती. त्या थापेवर माझा हक्क नव्हता, हे मला ठाऊक होते.

पुढे पातळ पडद्याचे संगणक आले आणि माझी रवानगी कोपऱ्यात, एका फडक्याखाली झाली. आता मला कोणी सुरू करत नाही. ऐकू मात्र सगळे येते. परवा देवानंदभाऊ वरच्या मजल्याचा नकाशा काढायला आले होते.

"बाबा गेले, तं ते खिडकी बुजवाले निघालो होतो, ताई. आईनं नाई म्हटलं."

"काऊन?"

"आता खाटेवर आई हाय. म्हने, ओमेश्वरी तांदूळ निवडाले बसली का मले दिसते. बुजवू नोको."

ओमेश्वरी म्हणजे देवानंदभाऊंची सून. खाटेवरचा माणूसही त्या खिडकीतून आत स्वयंपाकखोलीत पाहत असेल, हे इतक्या वर्षांत माझ्या लक्षातच आले नव्हते.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ झटकली नाहीत तरी चालेल. पण उद्या कुणाचे घर काढायला बसाल, तेव्हा त्या घरात जो पडून राहणार आहे, त्याला काय पाहायचे आहे, ते आधी विचारून या.