‘मिस’ म्हणतात मला

मी ‘मिस’ बोलतोय, ‘मिस करतो’मधला शब्द. तुम्हीही मला सर्रास वापरता, पण माझं घर इंग्लंडात. फार पूर्वी नेम चुकला, बाण हरणाच्या बाजूने निघून गेला, की लोकांच्या तोंडी मी यायचो. पुढे बोट चुकली, बस चुकली, तरी मीच. जवळच्या माणसाची हुरहूर माझ्यावर लादली ती पुष्कळ नंतर. तुमच्याकडेही चुकणं आणि चुकल्याचुकल्यासारखं वाटणं शेजारीशेजारीच राहतात ना?

यॉर्कशरच्या किनाऱ्यावर नॉरिस ॲपलयार्ड नावाचा म्हातारा राहतो. होड्या दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला. बस हुकली की तो मला शिवीसारखा वापरायचा, एरवी नाही. बायको, इनिड, वारली तेव्हा पबमधला मित्र म्हणाला, “मिस करत असशील रे तिला.”

“तुझी बिअर संपव आधी,” नॉरिस गुरगुरला.

मुलगी मरियन कॅनडातून दर रविवारी फोन करायची. “बाबा, आईला मिस करता का हो?”

“स्वयंपाक जमतो मला.”

“दगड आहात नुसते! पुन्हा नाही विचारणार.”

आणि तिने खरंच पुन्हा विचारलं नाही.

एक दिवस नॉरिसने कपाट आवरलं. इनिडचा हिरवा कोट जुन्या कपड्यांच्या धर्मादाय दुकानात देऊन आला. चार दिवसांनी पुन्हा त्याच दुकानात हजर. “तो कोट परत हवाय.”

“अहो आजोबा, तो कालच गेला की! खिशात काही राहिलं होतं का?” दुकानातल्या बाईने विचारलं.

“नाही.” तो काउंटर धरून उभा राहिला. “मिस करतो मी तिला.”

अनोळखी बाईसमोर! मला उच्चारताना मध्येच त्याचा आवाज फाटला. तिने स्टूल पुढे केलं.

रविवारी फोन आला. मी त्याच्या जिभेवर तयार होतो. पण तो एवढंच म्हणाला, “आईचा कोट देऊन टाकला गं मी. आणायला गेलो, तर विकला गेलेला.”

मग मरियन रडत म्हणाली, “मलाही, बाबा. मलाही तसंच होतं.”

त्यांचं माझ्यावाचून भागलं. मी जिभेवर एकटाच राहिलो.

एक मागणं आहे. ज्याच्यासाठी मला जपून ठेवलंय, त्याला ऐकू येतंय तोवर मला बोलून टाका. इनिड बहिणीकडे राहून परतली की दारातच विचारायची, “मिस केलंस का रे मला?”

आणि नॉरिस म्हणायचा, “चहा टाक आधी.”