नाव घातलेली वस्तू परत घेतली जाणार नाही

मार्तंड गुप्ते यांना निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, आणि या दोन वर्षांतलं त्यांचं सगळं सुख सकाळी सहा ते साडेसहा या अर्ध्या तासात मावत होतं. मुलुंडच्या फ्लॅटच्या गॅलरीत ते आणि नीलाताई कॉफी घेत बसायचे. एरवी नीलाताई त्यांच्या वाट्याला येतात कुठे? भजनी मंडळ, सोसायटीची कमिटी, अंधेरीची लेक. हा अर्धा तास मात्र नवऱ्याचा.

मग त्या लेकीनेच, गार्गीने, फोनवर काहीतरी धाडलं : गरम पाणी आणि प्लॅस्टिक यांची गाठ पडू देऊ नका. नीलाताईंनी एखादी गोष्ट मनावर घेतली की घेतलीच. त्याच संध्याकाळी डबे, बरण्या आणि कॉफीचं यंत्र भंगारवाल्याकडे रवाना झालं. इन्स्टंट कॉफीला तर त्या कॉफीच म्हणत नसत. सहाला त्या मैत्रिणींबरोबर फिरायला जाऊ लागल्या आणि मार्तंडराव गॅलरीत एकटेच पेपर वाचू लागले. पेपरात काही नसायचं. या वयात बायकोशिवाय करमत नाही, हे सांगायचं तरी कुणाला?

त्यापेक्षा यंत्र शोधणं सोपं. पण शोधता शोधता नाकी नऊ आले. एकाची पाण्याची टाकी प्लॅस्टिकची, दुसऱ्याची आतली नळी, तिसरं दिसायला काचेचं तर गाळणीच प्लॅस्टिकची. शेवटी पाच रस्त्याजवळ धवलच्या भांड्यांच्या दुकानात साउथ इंडियन फिल्टर सापडला. वरच्या भांड्यात पूड घालून उकळतं पाणी ओतायचं, खालच्या भांड्यात अर्क उतरतो.

"काका, फुल स्टील. वाजवून बघा ना!" धवल म्हणाला.

मार्तंडरावांनी वाजवलं, उलटं केलं, फोनचा उजेड पाडून आत पाहिलं.

"नाव काय घालू?"

नाव न घालता भांडं घरी न्यायचं म्हणजे मराठी माणसाला चोरीचा माल नेल्यासारखं वाटतं.

"नीला."

"पुढे? मिस्टरांचं नाव, आडनाव?"

"काही नको. नुसतं नीला."

घरी नीलाताईंनी चष्मा लावला, खोक्याच्या तळाशी कागदात गुंडाळलेलं झाकण बाहेर काढलं, आणि तिथेच माशी शिंकली.

"अहो, ही मूठ प्लॅस्टिकची आहे."

झाकण तेवढं बघायचं राहिलं होतं.

"बदलून आणा."

"घेणार नाही तो. पाटीच आहे दुकानात. आणि मी नाव घातलंय." मार्तंडराव खुर्चीत बसले. मग जे महिनाभर अडलं होतं ते एकदम बाहेर पडलं. "वाट लागली सगळी. मला कॉफीचं काही नाही गं. तू सकाळी बसत नाहीस, ते सोसत नाही."

नीलाताईंनी फिल्टर फिरवून नाव वाचलं, मग पुन्हा वाचलं.

"सासूबाईंच्या नावाची पातेली, लेकाच्या नावाचा डबा, मामांनी सप्रेम दिलेली ताटं," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षं मी दुसऱ्यांच्या नावात स्वयंपाक केला. हे पहिलं माझं."

त्यांनी स्क्रूड्रायव्हर आणला आणि मूठ काढून कचऱ्यात टाकली. झाकणाला भोक पडलं, तर म्हणाल्या, वर वाटी ठेवू.

दुसऱ्या दिवशी पहाटे मार्तंडरावांनी पाणी उकळायला ठेवलं, तर मागून हुकूम आला, "माझ्या फिल्टरला हात लावायचा नाही. तुम्ही बसा."

ते बसले. कॉफी पहिल्याच दिवशी जरा पाणचट झाली, पण त्यांना झकास लागली. तेवढ्यात खालून मैत्रिणीची हाक आली, "नीला, येतेस ना गं?"

नीलाताई कप हातात घेऊनच कठड्यावरून वाकल्या. "तुम्ही व्हा पुढे! मी आता रोज साडेसहानंतर!"