उसवता येईल असं काही

मित्रांनो, मी एक जुनी विणायची सुई आहे. शिवायच्या सुईशी माझी गल्लत करू नका. मला नेढे नाही आणि माझे टोक कुणाच्या बोटाला टोचत नाही. मी लाकडाची आहे. एका बाजूला निमुळती होत जाते, दुसऱ्या बाजूला वाटाण्याएवढी गोळी आहे. त्या गोळीमुळे टाके मागून घरंगळत नाहीत. एकटीने मला काहीच करता येत नाही. मला एक जुळी बहीण आहे. या गोष्टीत जिथे 'मी' येईल तिथे तीही आहे असे समजा.

आम्ही खुर्चीच्या पायातून उरलेल्या लाकडाच्या आहोत. सुताराने तो तुकडा फेकून न देता लेथवर चढवला, आम्हाला गोल केले आणि पॉलिश पेपरने घासत बसला. मधूनच तो लोकरीचा एक धागा आमच्यावरून ओढून पाही. धागा कुठे अडला की पुन्हा घाशी. "अडकली लोकर तर शिव्या मलाच बसणार," असे तो पुटपुटत होता. शेवटी त्याने तेलाचा हात फिरवला आणि आम्ही गुळगुळीत झालो.

आम्हाला जिने विकत घेतले तिला घरीदारी सगळे वहिनी म्हणत, म्हणून मीही वहिनीच म्हणते. ती रक्त तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करी. दिवसभर काचपट्टीवरच्या थेंबात डोळे घालून ती पेशी मोजायची. मोजणी चुकली तर कुणाला तरी चुकीचे औषध मिळेल, हे तिला पक्के ठाऊक होते. संध्याकाळी घरी आली की ती खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत बसे आणि आम्हाला हातात घेई. तेव्हा ती काहीच मोजत नसे. टाके बोटांनाच कळत. कधी गुणगुणे, कधी गप्प राही. तिचे हात सैल असत, आणि लोकर माझ्या अंगावरून कशी अलगद सरके!

तिची एक खोड होती. विणलेले ती फार दिवस तसेच ठेवत नसे. मफलर पुरा व्हायच्या आत तिच्या मनात नवीन नक्षी येई. मग ती टोकाचा धागा पकडून ओढू लागे. टाके एकामागून एक सुटत, सर्र सर्र आवाज होई आणि तिच्या चेहऱ्यावर हसू येई. त्या घरातल्या एकाच निळ्या लोकरीचा आधी मफलर झाला, मग किटली गरम ठेवणारे आवरण, मग स्वेटर.

वहिनीचा नवरा बस चालवायचा. एका थंडीत तो कपाटात डोके खुपसून ओरडला, "अगं, माझा निळा स्वेटर कुठाय?"

"टोपी झाला," वहिनी म्हणाली.

"आणि बाह्या?"

"पायमोजे. तुमचेच आहेत, घाला."

"म्हणजे कपडा तोच, फक्त पत्ता बदलला!" असे म्हणत त्याने ते मोजे खरेच घातले.

अशी आमची सुखाची वर्षे चालली होती. मग एकदा वहिनीची नणंद आली. तिचे लहान मुलांच्या कपड्यांचे दुकान होते. ती वयाने धाकटी, पण वहिनी तिला थट्टेने आणि मायेने 'वन्सं' म्हणे. खुर्चीवर पडलेला एक इवलासा स्वेटर तिने उचलला. त्यावर पानांची नक्षी होती. तिने तो उजेडात धरला, आतून-बाहेरून उलटून पाहिला.

"वहिनी, काय हात आहे गं तुझा! आणि तू हे उसवतेस? वेडी आहेस का? माझ्या दुकानात ठेव, हातोहात जाईल."

मित्रांनो, स्तुती कुणाला आवडत नाही? वहिनी लाजली. माझीही मान ताठ झाली. स्वेटर दुकानात गेला आणि खरोखर लगेच खपला. नणंद पळतच पुन्हा आली. "अगदी तस्साच हवाय लोकांना! तेच पान, तोच रंग. तू नुसतं विणत राहा, बाकीचं मी बघते."

वहिनी विणत राहिली. पहिला स्वेटर हौसेने झाला, दुसरा सवयीने. त्यानंतरचे मात्र मला ओळखूच येईनात, इतके ते सारखे होते. माप चुकू नये म्हणून वहिनी आता घरीही टाके मोजू लागली. दिवसभर पेशी, संध्याकाळी टाके. तिचे हात आवळले गेले. टाके इतके घट्ट पडू लागले की माझ्या अंगावरून सरकताना करकरत. गुणगुणणे थांबले. हळूहळू ती खिडकीपाशी बसायलाच टाळाटाळ करू लागली. भांडी दोनदा घासायची, आवरलेलाच खण पुन्हा आवरायची. शेवटी नाइलाज झाला की मला पिशवीतून काढायची. मी तिला इतकी जड कधीच झाले नव्हते.

एका सुट्टीच्या दुपारी अशाच एका स्वेटरचा पुढचा भाग पुरा झाला. मागचा भाग आणि बाह्या तयार होत्या. फक्त जोडायचे राहिले होते. संध्याकाळी एक आजीबाई नातीसाठी तो दुकानातून घेऊन जाणार होत्या. वहिनीने तो भाग मांडीवर पसरला आणि पानावरून बोट फिरवले. बोट पानाच्या शिरेवर थांबले. ती जराशी पुढे वाकली. मग तिने टोकाचा धागा धरला आणि ओढला.

सर्र सर्र. मला वाटले, दोन ओळी उसवून थांबेल. ती थांबली नाही. कितीतरी महिन्यांनी ती गुणगुणत होती.

एवढ्यात नणंद पिशवी घेऊन दारात उभी. "झाला का गं स्वेटर?"

"झाला होता," वहिनी म्हणाली.

"होता म्हणजे?"

वहिनीने लोकरीचा गुंडा वर करून दाखवला. नणंदेने तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

"काय चुकलं होतं?"

"काहीच नाही. छान झाला होता. पानाची शीर दुसरीकडे वळवली तर कशी दिसेल, ते बघायचं होतं."

"अगं, मी शब्द दिलाय! त्या आजीबाईंना आता काय तोंड दाखवू?"

आतून वहिनीचा नवरा म्हणाला, "माझा स्वेटर गेला तेव्हा कुणी हूं की चूं केलं नव्हतं."

कुणीच हसले नाही. वहिनी हळू आवाजात बोलू लागली. "वन्सं, चूक माझी आहे. मी तुमच्याबरोबर दुकानात येते, आजींना मीच सांगते. हा स्वेटर त्यांना ठरला होता तसाच विणून देईन. पण याच्यापुढे नाही. विणायला बसायचं म्हटलं की हल्ली मी घासलेली भांडी पुन्हा घासते. असंच चाललं तर एक दिवस या सुया मी कुणाला तरी देऊन टाकीन. दुकानासाठी विणलेलं उसवता येत नाही हो. आणि मला उसवता येईल असं काहीतरी हवं आहे."

देऊन टाकीन! म्हणजे आमची पाळी आलीच होती.

नणंदेने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. "मला वाटलं, तुला आनंद होईल," ती म्हणाली. "मला जे काही येतं ते सगळं दुकानातच लागतं. तुझ्यासारखं नुसतं असं... माझ्याकडे काहीच नाही गं."

वहिनी उठली. तिने दुसरी खुर्ची आपल्या शेजारी ओढली. "बसा. आजींचं काम झालं की तुम्हाला टाका घालायला शिकवते."

आजीबाईंनी थोडी कुरकुर केली, पण त्या थांबल्या. त्यांचा स्वेटर वेळेवर नाही, पण नीट पुरा झाला. त्यानंतर वहिनीने आम्हाला नणंदेच्या हातात दिले आणि स्वतःसाठी दुसरी जोडी आणली. मला आधी वाईट वाटले. नणंदेचे हात धसमुसळे होते. टाके गळत, ती कपाळावर हात मारी, मग वहिनी गळलेला टाका उचलून देई आणि दोघी खिदळत. आता दोघी दर सुट्टीला शेजारी शेजारी बसतात. वहिनीचे हात पुन्हा सैल झाले आहेत, हे मला तिच्या नव्या सुया सांगतात.

परवा नणंद दुकानातही मला घेऊन गेली. गिऱ्हाईक नव्हते, म्हणून ती विणत बसली. एका बाजूला रुंद, दुसरीकडे अरुंद, मध्ये भोक, असे ते विणकाम होते. एक बाई आत आल्या, त्यांनी ते पाहिले आणि विचारले, "हे केवढ्याला?"

इतकी वर्षे दुकान चालवणारी नणंद क्षणभर गोंधळली. मग ते छातीशी धरून म्हणाली, "हे विकायचं नाही हो. हे काय आहे तेच अजून ठरलेलं नाही."

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी सुई, रंगाची पेटी किंवा बाजा पडून असेल. त्यांना कोरड्या जागी ठेवा आणि अधूनमधून हातात घ्या, कारण पडून राहिलो की आम्ही वाकतो. कामे सगळीच चांगली असतात, सुताराचेही आणि दुकानाचेही. पण एखादे काम असे ठेवा की ज्याला कुणी भाव विचारला, तर तुम्हाला उत्तरच सुचू नये. आणि कुणी आपल्या आनंदात रमलेले दिसले, तर 'याचे पुढे काय करणार' असे विचारू नका. शेजारी खुर्ची ओढा आणि बसा.