दोनदा उतरवलेलं इंजिन

मी एक दोन सीटांची स्पोर्ट्स गाडी बोलतेय. इतकी वर्षं गप्प बसले, आता बसवत नाही. माझ्या बॉनेटवर हे जे टेंगूळ दिसतंय ना, ते जन्मतः नाही. ते मला घरी आलं, घरच्याच माणसानं दिलं.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी बुटकी, लाल, कापडी छपराची होते. पुढे चार सिलिंडरचं छोटं इंजिन. सरळ रस्त्यावर मला कुणीही मागे टाकावं, पण वळणं लागली की माझा हात धरणारं कुणी नव्हतं. पहिल्या मालकानं मला तीन वर्षं हौसेनं चालवलं. मग त्याला जुळी झाली आणि मला मागची सीटच नाही, हे त्याच्या एकदम लक्षात आलं. त्यानं मला बाईंना विकलं.

बाई जमिनीची मोजणी करायच्या. तेव्हा त्यांचं लग्न व्हायचं होतं. मोजणीचं यंत्र शेजारच्या सीटवर पट्ट्यानं बांधायचं, नकाशांच्या गुंडाळ्या खाली कोंबायच्या आणि निघायचं. त्यांचा हात इतका हलका, की दुसरा गिअर कधी गेला आणि तिसरा कधी आला, मला कळायचंही नाही. "असल्या गाडीतून कामावर?" असं लोक विचारायचे. "मग काय, पालखीतून जाऊ?" म्हणायच्या.

लग्नानंतर शेजारच्या सीटवर डॉक्टर आले. दातांचे डॉक्टर. माणूस अगदी सज्जन. पण एक खोड आहे. जे नीट चाललंय ते त्यांना बघवत नाही. दाराची घंटा त्यांनी सुधारली, तेव्हापासून ती पाहुणे गेल्यावर वाजते. शिलाई मशीन सुधारलं, ते आता फक्त उलटं शिवतं. माझ्या वाटेला मात्र ते गेले नव्हते. मी बाईंची होते.

पाच वर्षांपूर्वी मोजणीच्या जागी बाई एका चरात पडल्या. डावा गुडघा मोडला. दोन ऑपरेशनं झाली. चालू लागल्या, पण क्लच दाबायचा म्हटलं की पाय थरथरायचा. एकदा चौकात तो निसटलाच. मी उसळले आणि पुढच्या टेम्पोला जाऊन धडकले. कुणाला काही लागलं नाही. बाईंनी किल्ली काढली, डॉक्टरांच्या हातात दिली आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसल्या. त्यानंतर त्या माझ्या स्टिअरिंगला शिवल्या नाहीत.

तेव्हापासून मला डॉक्टर चालवू लागले. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये मी कण्हायला लागले, की म्हणायचे, "हिच्यात दमच उरला नाही." अहो, दम आहे, दुसरा टाका! पण माझं ऐकतो कोण?

मग एका रविवारी दारात ट्रक उभा राहिला आणि त्यातून सहा सिलिंडरचं धूड खाली उतरलं. कुणाच्या तरी मोठ्या गाडीला मागून ट्रक धडकला होता. तिचं मागचं सगळं चेपलं, पुढचं शाबूत राहिलं. ते इंजिन त्याच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससकट डॉक्टरांनी उचलून आणलं होतं.

बाई दारात आल्या. "हे काय?"

"इंजिन."

"ते दिसतंय मला. कशाला?"

"आपल्या गाडीला. सरप्राइज!"

"अहो, गाडीपेक्षा इंजिन मोठं आहे."

"तेच तर!" डॉक्टर म्हणाले. बाईंनी कपाळाला हात लावला आणि त्या आत गेल्या.

पुढचे आठ महिने मी काय भोगलं ते माझं मला माहीत. गॅरेजच्या तुळईला साखळीची कप्पी टांगली. "काढायचं म्हणजे काय, हलवत हलवत ओढायचं," असं म्हणत डॉक्टरांनी माझं जुनं इंजिन अक्कलदाढेसारखं उपटलं. सुटलेल्या प्रत्येक वायरीला त्यांनी चिठ्ठी बांधली आणि चिठ्ठीवर स्वतःच्या अक्षरात लिहिलं. दोन महिन्यांनी त्यातली एकही त्यांना वाचता येईना. शेवटी दवाखान्याखालच्या औषधवाल्याला बोलावलं. त्यानं सगळ्या घडाघडा वाचून दाखवल्या.

नवं इंजिन काही बसेना. खाली ऑइलची टाकी आडव्या दांडीवर टेकायची, वर बॉनेट मिटायचं नाही. शेजारचे वेल्डर मदतीला यायचे. ते म्हणाले, "डॉक्टर, हे बसणार नाही."

"थोडं कानसलं की बसेल."

"हा दात नाही, डॉक्टर."

पण ऐकतील तर ते डॉक्टर कसले! दांडी कापली, परत जोडली. बॉनेटला भोक पाडून वर पत्र्याचा घुमट बसवला. वजनानं माझ्या पुढच्या स्प्रिंगा दबल्या. बरोबर आलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स डॉक्टरांनी ताडपत्री टाकून कोपऱ्यात ढकलला. "स्पोर्ट्स गाडीला ऑटोमॅटिक? लोक हसतील." माझाच जुना गिअरबॉक्स नव्या इंजिनाला जोडला आणि ती ताकद पेलेल असा जाडजूड क्लच बसवला.

अखेर मी सुरू झाले. डॉक्टरांचा चेहरा असा फुलला, की मला क्षणभर त्यांची दया आली. त्यांनी बाईंना शेजारी बसवलं आणि आम्ही निघालो. पहिल्याच वळणावर माझं जड नाक सरळ जायला लागलं. तिसऱ्या सिग्नलला डॉक्टरांच्या पोटरीत गोळा आला, इतका तो क्लच कडक. चढाच्या मध्यावर पाणी उकळलं आणि घुमटातून वाफ निघू लागली. आम्ही रस्त्याच्या कडेला थांबलो.

डॉक्टर पोटरी चोळत बसले. मग बाई म्हणाल्या, "त्या इंजिनाबरोबर एक गिअरबॉक्स आला होता."

"तो होय? तो ऑटोमॅटिक आहे."

"म्हणजे क्लच नाही."

"नाही. पण मग चालवण्यात मजा काय राहिली?"

"कुणाला?"

डॉक्टर पोटरी चोळायचे थांबले.

"पाच वर्षं मी ह्या सीटवर बसतेय," बाई म्हणाल्या. "माझ्या गाडीत तुम्ही दुप्पट ताकदीचं इंजिन घातलंत आणि क्लच दगड करून ठेवलात. तुला काय हवंय, असं एकदा तरी विचारलंत?"

"तू कधी बोलली नाहीस."

"नाही बोलले. चुकलंच माझं. आता बोलतेय."

 डॉक्टर वाफेकडे बघत हळूच म्हणाले, "मला वाटलं, गाडी पळायला लागली की तुला बरं वाटेल."

दुसऱ्या दिवशी कप्पी पुन्हा तुळईला चढली. पुन्हा वायरी, पुन्हा चिठ्ठ्या, पुन्हा औषधवाला! मी अगदी हात टेकले होते. पण या खेपेला बाई स्टूल घेऊन गॅरेजमध्ये बसल्या, हातात टेप आणि वही. "आधी मोजायचं, मग कापायचं," त्यांनी बजावलं. इंजिन किती मागे सरकवायचं, मागच्या चाकांकडे जाणारा दांडा किती आखूड करायचा, मोठा रेडिएटर कुठे मावेल, सगळं त्यांनी कागदावर काढून दिलं. प्रत्येक तुकडा पहिल्याच फटक्यात बसला. वेल्डर म्हणाले, "वहिनी, आधी का नाही आलात?"

"बोलावलं कुणी?"

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स जाडा, त्यामुळे दोन सीटांमधला पत्रा फुगवावा लागला. तो सगळा फुगवटा शेजारच्या सीटकडे गेला. डॉक्टरांना आता गुडघे दुमडून बसावं लागतं. हे माप चुकून आलं असं बाई सांगतात. मला नाही पटत.

तीन महिन्यांनी काम संपलं, त्या सकाळी बाई माझ्या स्टिअरिंगसमोर बसल्या. डावा पाय त्यांनी सवयीनं उचलला, खाली काहीच नाही हे बघून अलगद टेकवला आणि तो तिथेच विसावला. मग उजव्या पायानं माझा अ‍ॅक्सिलरेटर हलकेच दाबला. फाटकाबाहेर पडेपर्यंत डॉक्टरांनी श्वास रोखून धरला होता. चढावर आम्ही दोन बस मागे टाकल्या, तेव्हा मात्र ते ओरडले, "अगं, जरा हळू!"

बाई हसल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना असं हसताना ऐकलं नव्हतं.

मी काही पूर्वीची राहिलेले नाही. नाक जड, पेट्रोलची भूक दुप्पट, वळणावर जपून जावं लागतं. माझं ते छोटं इंजिन मला आठवतं, रागही येतो. पण मी जिची गाडी, तीच आता मला चालवते, एवढं तरी झालं. तुमच्याकडे माझ्यासारखी एखादी जुनी गाडी असेल, तर कप्पी टांगण्याआधी एवढंच करा. ती कुणी चालवायची आहे, त्या माणसाला घरात जाऊन विचारा. आमच्याकडे दोन वाक्यांचं काम होतं, त्याला अकरा महिने लागले.