दवावर धुतलेली रांग

अझहर साहेब काचेला आंघोळ घालतो, आणि तीही गावच्या पाझर तलावाच्या पाण्यानं! असली उधळपट्टी बनुबाईनं उभ्या जन्मात पाहिली नव्हती. तिच्या घरात पाहुण्यालासुद्धा तांब्याभर पाण्यात हातपाय धुवायला लागत. आणि सोलर कंपनीचा हा नगरचा पोरगा माळावरच्या काचेच्या पाट्यांसाठी आठवड्याला टँकर भरून नेत होता.

बरं, माळावर कंपनीचा बोर्ड केवढा! 'हिरवी वीज, उद्याच्या पिढीसाठी.' बनुबाई दुसरी नापास. पण अक्षराला अक्षर लावून तिनं तो वाचला होता आणि वाचून जास्तच पेटली होती. तलाव चैताच्या आधी आटला की जनावरांना बाजार दाखवायचा. तिची एक म्हैस मागल्या साली अशीच गेली होती. राहिलेली एक ती कुणाच्या बापाला देणार नव्हती.

म्हणून त्या दिवशी ती टँकरच्या पुढ्यात फतकल मारून बसली.

अझहर धावत आला. "आजी, उठा हो. धूळ बसली की वीज कमी होते. तुमची मोटार दिवसा चालते ती याच विजेवर ना?"

"चालती की! कोन न्हाई म्हनतंय? पर हिरीत पानीच न्हाई उरलं तर मोटार काय वारा वढंल?"

ड्रायव्हर फिस्सकन हसला. अझहरनं त्याच्याकडं पाहिलं, तसा तो आरशात बघायला लागला.

"मग काचा पुसायच्या कशानं, तुम्हीच सांगा."

बनुबाईनं पाट्यांकडं मान वळवली. समोरच्या पाटीच्या खालच्या कडेवरून पाण्याचा एक थेंब टपकला. मग दुसरा. माघाची सकाळ, ऊन नुकतं चढत होतं. तिच्या हरभऱ्यावरही असंच दव पडायचं. पहाटे हरभऱ्यावर धुतलेलं फडकं अंथरायचं, भिजलं की बाटलीत पिळायचं. ती आंबट आंब पोटदुखीला घरोघरी ठेवलेली. गेली पन्नास वर्षं ती हे करत आली होती. फडकं दव ओढून घेतं, हे तिला कुणी शाळेत शिकवायला नको होतं.

ती ताडकन उठली. "साहेब, उद्या पाट्यांच्या दोन रांगा पुसू. एक तुजी, टँकरची. एक माजी, दवाची. तुज्या मोबाईलात रांगंच्या विजेचा आकडा येतो म्हनं?"

"येतो. पण काचेला ओरखडा पडला तर माझी नोकरी जाईल, आजी."

"माजं लुगडं नातवंडाच्या अंगाखाली व्हतं. त्याला न्हाई ओरखडा पडला."

दुसऱ्या दिवशी फटफटायच्या आत बनुबाई, सून रुपाली, शेजारच्या छबूबाई आणि रोहिणी माळावर हजर. चौघींच्या खांद्यावर धुऊन मऊ झालेली जुनी लुगडी. पलीकडं टँकर गुरगुरत उभा. अझहरनं हात वर केला आणि पाईप सुटला.

"घासा!" म्हणत रुपाली पाटीला भिडली. भांडं घासावं तशी. दोन पाट्या झाल्या अन् काचेवर चिखलाचे पट्टेच पट्टे.

"अगं ए, तवा हाय का त्यो?" बनुबाई कडाडली. "घासू नगंस! आंब धरताना काय करतीस? अंथरायचं, दम धरायचा, मग वढायचं!"

मग दोघी पाट्यांच्या मागं गेल्या, त्यांनी लुगडं वरच्या कडेवरून सोडलं. पुढच्या दोघींनी ते काचेवर निजवलं. दहा श्वास थांबल्या. कापड ओलं जड झालं. "वढा!" सर्रकन लुगडं खाली आलं, आणि मागं काच अशी निघाली की रोहिणी त्यात आपलं कुंकू नीट करायला लागली.

"नंतर नट! ऊन यायला लागलं!" बनुबाई ओरडली.

काय पळाल्या बाया! दव उडायच्या आत रांग संपवायची होती. लुगडं पिळ, उलटं कर, सोड, ओढ. पदर कंबरेला, तोंडानं वाफा, चिखलानं कोपरापर्यंत माखलेल्या. शेवटची पाटी झाली तेव्हा डोंगरावरून ऊन थेट अंगावर आलं.

दुपारी बारा वाजता सगळे अझहरच्या मोबाईलभोवती. बनुबाईला आकडा दिसत होता, पण त्याचा अर्थ लागत नव्हता. त्याच्या तोंडाकडं ती टक लावून होती. यानं काहीही सांगितलं तरी तिला ते खोडता येणार नव्हतं.

अझहरनं घाम पुसला. "टँकरच्या रांगेला शंभर धरले, तर तुमच्या रांगेला अठ्ठ्याण्णव. पुसलीच नाही, ती रांग ऐंशीवर आहे." लगेच नंबर शोधत तो म्हणाला, "आजी, मी वरच्या साहेबांना आत्ताच फोन लावतो. दव आहे तोवर टँकर बंद, काम तुम्हा बायांना. पण होळीनंतर दव नसेल, तेव्हा पाणी लागेल."

"तवाचं तवा बघू. तवर तलाव तर ऱ्हाईल!"

छबूबाईनं शीळ घातली, साठीच्या बाईनं! ड्रायव्हरनंही हॉर्न वाजवला. फोनवर पलीकडून होकार आला, तशी रुपालीनं चिखलाच्या हातानं सासूला मिठीच मारली. बनुबाईनं तिला ढकललं, पण फार जोरात नाही.

मग ती अझहरपुढं जाऊन उभी राहिली. कमरेवर हात.

"ऐक, साहेब. तू उधळ्या हायेस, पर खोटा न्हाईस. आकडा तुज्या हातात हुता, तरी खरा सांगितलास. उधळ्याला वळन लावता येतं. उद्या पाचाला ये, आन् फडकं तुजं तू आन."